मले तं काही नाई

"काकू, 'आपल्यातली' म्हणजे नेमकी कशातली हो?"

देवकाबाई काकू ओसरीवर बसून चवळीच्या शेंगा मोडत होत्या. त्यांचा हात शेंगेवरच थांबला. मी मात्र आतून नाचत होते, कारण मी पैज जिंकले होते. हा प्रश्न विचारून दाखव, अशी पैज आर्वीच्या माझ्या दोन मैत्रिणींनी, भावना आणि रुचिकाने, लावली होती. "तू लय बोलते ना मयुरी, मंग इचार ना तुह्या काकूले," भावना व्हिडिओ कॉलवर म्हणाली होती, आणि रुचिका मला भित्री ठरवायला मागून कोंबडीचा आवाज काढत होती.

एक सांगते. नववीपर्यंत मी हजेरीला 'यस सर' इतक्या हळू म्हणायचे की सर मला गैरहजर लावायचे. मग दहावीत वक्तृत्व स्पर्धेच्या दिवशी आमच्या शाळेची मुलगी आजारी पडली, सरांनी मला स्टेजवर ढकललं आणि मी बक्षीस घेऊनच खाली उतरले. तेव्हापासून मी थांबतच नाही. पप्पा एसटी डेपोत आहेत, त्यामुळे ते त्यांच्या भाषेत सांगतात, "हिचा ब्रेक फेल झाला."

पण ओसरीवर हा ब्रेक फेल होण्याआधी काय झालं, ते सांगायला हवं.

मला वर्ध्याला अकरावी सायन्सला ॲडमिशन मिळाली. आर्वीहून रोज येणं-जाणं म्हणजे अभ्यास बसमध्ये आणि झोप वर्गात. म्हणून रूम. पप्पांनी अट घातली, की महिन्याभरात कॉलेजजवळ चांगली रूम आणि चांगली रूममेट मिळाली तर ठीक, नाही तर नाव काढून आर्वीतच शिकायचं. मी हो म्हणाले. मला वाटलं, कॉलेजमागच्या गल्लीत प्रत्येक दुसऱ्या फाटकावर 'मुलींसाठी रूम' अशी पाटी आहे, त्यात काय कठीण?

कठीण होतं ते आमचं आडनाव. म्हणजे कठीण नाही, सोपं. फारच सोपं. आम्ही वानखडे. आमच्या भागात वानखडे कुणब्यांत आहेत, माळ्यांत आहेत आणि आमच्यातही आहेत. नुसत्या वानखडेवरून कोणाला काही कळत नाही, आणि न कळलं की लोकांच्या पोटात दुखतं.

पहिल्या घरी बाईंनी विचारलं, "कोणते वानखडे?"

"आर्वीचे," पप्पा म्हणाले.

"ते झालं हो. म्हंजे कोणते?"

"बौद्ध."

जो पलंग पाच मिनिटांपूर्वी आम्हाला हात फिरवून दाखवला होता, तो कालच बुक झाल्याचं बाईंना आठवलं. दुसऱ्या घरी पलंग बुक नव्हता. तिथे 'मुलींचे स्वभाव जुळले पाहिजेत' हा नियम होता. माझा स्वभाव कसा आहे हे तिथे कोणी विचारलं नाही. तोपर्यंत मला वाटायचं, स्वभाव माणसाच्या आत कुठेतरी असतो. तो वडिलांच्या उत्तरात सापडतो, हे मला तिथे समजलं.

पप्पा डेपोत वाहतूक नियंत्रक आहेत. दिवसभर माइकवर बोलतात. कुठली गाडी कुठल्या मार्गे कुठे जाणार, हे अख्ख्या स्टँडला ऐकू जातं. झोपलेले प्रवासी उठून बसतात. पण त्या दिवशी एकेका फाटकाशी त्यांचा आवाज असा कमी होत गेला की मला वाटलं, कोणीतरी बटण फिरवतंय.

आणि मग देवकाबाई काकूंचं घर आलं. वर एक खोली, दोन पलंग, एक भरलेला आणि एक रिकामा. काकूंच्या गळ्यात तुळशीची माळ, घरात अंडंसुद्धा चालत नाही. काकूंनी आडनाव विचारलं. पप्पा म्हणाले, "वानखडे." पुढचा प्रश्न येणार म्हणून आम्ही दोघांनी श्वास धरला. पण काकूंनी विचारलंच नाही. काकूंनी ओळखलं.

"वानखडे? अवं बाई! माह्या नणंदेच्या सासरचे वानखडेच. नाचणगावचे. तुमचा चेहराच तसा हाय भाऊ. मंग तं तुम्ही आपल्यातलेच!"

पप्पांनी तोंड उघडलं. माझ्याकडे पाहिलं. मग त्या उघडलेल्या तोंडाला त्यांनी चहाचा कप लावला.

बसमध्ये बसल्यावर ते म्हणाले, "आपण काही खोटं बोललो नाई."

"नाही पप्पा," मी म्हणाले. "आपण बोललोच नाही."

घरी आईने बॅग भरताना माझ्याकडे न पाहता सांगितलं, "तिथं फोन आला तं एकदम जय भीम नको म्हणत जाऊ. नुसतं हॅलो म्हणजो." माझी आई जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षिका आहे. वर्गातल्या पोरांना ती रोज सांगते, मान वर करून बोला. त्या वेळी ती माझ्या ओढणीची घडी तिसऱ्यांदा घालत होती. मी, ब्रेक फेल झालेली, गप्प बसले.

तर अशी मी 'आपल्यातली' होऊन वर्ध्यात राहायला आले.

भरलेल्या पलंगावर मोहिनी होती. कारंजा घाडग्याची. तिच्या पप्पांचा, रूपरावांचा, हायवेवर धाबा आहे. काकूंच्या माहितीप्रमाणे शुद्ध शाकाहारी. मोहिनी आणि मी पहिल्या संध्याकाळपासून भांडलो. तिला पंखा दोनवर पाहिजे, मला पाचवर. ती बायोलॉजी इतक्या मोठ्याने पाठ करते की खालच्या गल्लीतल्या लोकांना पेशीविभाजन समजलं असेल. माझा पहाटेचा अलार्म ऐकून ती शिव्या देते, त्याही झोपेत. तिच्या केसांनी बाथरूमची जाळी तुंबते आणि ती म्हणते, "हे तुहे केस होय." माझे केस खांद्यापर्यंत, तिचे कंबरेपर्यंत! मी तिला फिजिक्स समजावते, ती मला डब्यातला ठेचा देते, आणि देताना म्हणते, "थोडा घेजो, हावरट." म्हणजे जोडी जमली होती. मी इतकी खूश कधीच नव्हते.

काकूही खूश होत्या. रोज संध्याकाळी मला खाली बोलवायच्या आणि माझं नातं शोधायच्या. "नाचणगावचे चंद्रभान वानखडे तुहे कोण लागते?" मी म्हणायचे, "माहीत नाही काकू." काकू म्हणायच्या, "आजकालच्या पोरीले काही माहीत नसते," आणि मग स्वतःच जोडून द्यायच्या. आठवड्याभरात मी त्यांच्या नणंदेच्या जावेची भाची झाले होते. नाचणगावात मी आयुष्यात पाय ठेवलेला नाही, तिथे माझं अर्धं खानदान राहायला लागलं.

आणि नातं जोडून झालं की मागच्या वर्षी काकूंनी परत पाठवलेल्या मुलीची गोष्ट यायची. "पोरगी हुशार होती. पण स्वभाव नाई जुळला. आपल्यातली नव्हती ना."

ते मी एकदा ऐकलं, दोनदा ऐकलं. तिसऱ्यांदा भावना-रुचिकाला सांगितलं. बाकी पैजेचं तुम्हाला माहीत आहे.

तर, चवळीच्या शेंगा.

"कशातली म्हंजे?" काकू म्हणाल्या. "आपल्यातली. तुह्यासारखी."

"माझ्यासारखी म्हणजे कशी?"

"साफसूफ राह्यनारी. वळणाची. तोंड जरासं जास्त चालते, पण घर चांगलं हाय हे दिसते. मी माणूस तोंडावरून ओळखते. इतके वर्ष पोरी ठेवून राह्यली, एकदाही नाई चुकली."

इथे थांबता आलं असतं. पैज तर जिंकलीच होती. पण मागच्या वर्षीची ती हुशार पोरगी माझ्या डोक्यातून जाईना.

"आत्ता चुकल्या ना काकू," मी म्हणाले. "आम्ही बौद्ध आहो."

काकू माझ्या तोंडाकडे पाहत राहिल्या. मघाशी ज्या तोंडावर वळण, घर, नाचणगाव सगळं दिसत होतं, त्याच तोंडावर त्या आता काहीतरी शोधत होत्या. नाक तेच होतं. मी मुद्दाम थोडं वर केलं, नीट दिसावं म्हणून.

"मंग काऊन नाई सांगितलं?"

"तुम्ही विचारलं कुठे? तुम्ही ओळखलं."

काकूंनी शेंगा बाजूला ठेवल्या. मग त्या हसल्या. खरंच हसल्या. आणि त्यांनी ते वाक्य म्हटलं.

"मले तं काही नाई बाप्पा. मी जातपात मानतच नाई. पण त्या मोहिनीच्या घरचे पडले गावाकडचे लोकं. तिच्या बापाले चालन का? उद्या तो पोरीले घेऊन गेला तं? स्वभाव जुळाले पाह्यजे ना दोघींचे."

"मोहिनीलाच विचारू," मी म्हणाले आणि जिन्याकडे तोंड करून हाक मारली. डेपोच्या माइकचा गुण माझ्या गळ्यात उतरलाय. मोहिनी ओल्या केसांनी धावतच खाली आली, तिला वाटलं आग लागली. मी तिला एका वाक्यात सांगितलं.

तिने काकूंकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, टॉवेल डोक्याला घट्ट केला.

"मले तं काही नाई गं मयुरी. खरंच. पण पप्पाचं काही सांगता येत नाई."

मला वाईट वाटलं. थोडंसं. मग राग आला, पुष्कळ.

"लाव पप्पाले फोन. स्पीकरवर."

"हो, लाव लाव," काकूही म्हणाल्या. त्यांना वाटलं, रूपरावच नाही म्हणतील आणि त्या सुटतील.

रूपराव फोनवरही समोरून ट्रक चालल्यासारखे बोलतात. "हं, बोल बेटा!" मोहिनीने अडखळत सांगितलं. पलीकडून हॉर्न ऐकू आला, मग रूपराव.

"ते वानखडेची पोरगी? तुले फिजिक्स शिकवते ते?"

"हो पप्पा."

"अवं, मंग मले तं काही नाई! माह्या धाब्यावर अख्खा हिंदुस्थान जेवून जाते. मी कोणाले इचारून राह्यलो का? पण ते देवकाबाई पडली जुन्या वळणाची. तिले नाई चालनार बाप्पा. तिले सांगूच नको. गुपचूप राहा दोघी."

देवकाबाई फोनपासून हातभर अंतरावर बसल्या होत्या. त्यांचं तोंड पाहण्यासारखं झालं होतं. मी पाहिलं, मनसोक्त पाहिलं. आणि तेवढ्यात फोनमधून कोणीतरी ओरडलं, "शेठ, दोन मटण हाफ अन् एक खिमा, जल्दी!"

काकूंचा हात माळेवर गेला. मोहिनीने फोन कट केला, पण मटण तोवर ओसरीवर पोचलं होतं.

"ते बाजूच्या धाब्याचं ऐकू आलं, काकू," मोहिनी म्हणाली.

मी मनात सगळं जुळवून पाहिलं. काकूंना काही नाही, पण मोहिनीच्या घरच्यांना चालणार नाही. मोहिनीला काही नाही, पण तिच्या पप्पांना चालणार नाही. पप्पांना काही नाही, पण काकूंना चालणार नाही. म्हणजे कोणालाच काही नाही. मग एवढा वेळ आमच्या मधोमध पाय पसरून जे बसलं होतं, ते कोणाचं होतं? दिवसभर फिरा अख्ख्या वर्ध्यात, मालक सापडणार नाही.

"कोणालेच काही नाही ना," मी म्हणाले, "मग मी वर जाऊन केमिस्ट्री करते."

संध्याकाळी घरी फोन करून सांगितलं. पप्पांनी आधी जेवली का ते विचारलं. मग म्हणाले, "मले तं काही नाई बेटा. पण गरज काय होती?"

मी फोन कानापासून दूर धरून त्याच्याकडे बघत बसले. तुम्हीसुद्धा, पप्पा?

मला वाटलं होतं, दुसऱ्या दिवशी माझी गादी फाटकाबाहेर दिसेल. तसं झालं असतं तर मी भाषण तयार ठेवलं होतं. झालं भलतंच. काकूंनी मला ठेवून घेतलं, आणि नुसतं ठेवलं नाही, मांडून ठेवलं.

समोरच्या कांताबाईंना त्यांनी खास बोलावलं. "हे मयुरी. बौद्ध हाय. पण वाटते का?"

कांताबाईंनी मला टरबूज पाहतात तसं पाहिलं. "नाई वं बाई. बिलकुल वाटत नाई."

"मले तं काही नाई. मी म्हटलं, राह्य पोरी."

मग सिलिंडरवाल्याला सांगितलं. मग भजनाच्या बायकांना. कोणीही आलं की काकू मला खाली हाक मारायच्या, मी जिन्यावर दिसायचे, पाहुणे मान डोलवायचे आणि काकूंचं मोठं मन पाहून चहा प्यायचे. मी काकूंचं प्रशस्तिपत्रक झाले होते. फ्रेम करून भिंतीला ठोकायचं तेवढं राहिलं होतं. आधीच्या दोन घरांनी मला आत घेतलं नव्हतं. इथे आत घेऊन रोज दारात उभं करत होते.

पण ते मी सहन केलं असतं. सहन झालं नाही ते वरचं.

मोहिनी गोड झाली. ती म्हणायला लागली, "पंखा किती ठेवू, मयुरी?" मी पाच म्हटलं, तिने पाच केला आणि स्वेटर घालून झोपली. ऑगस्टमध्ये! मी अलार्म तीन लावले, एकापाठोपाठ एक. सकाळी ती म्हणाली, "नाही गं, त्रास कशाचा?" बाथरूमची जाळी ती न सांगता साफ करायची. ठेचा देताना म्हणायची, "घे ना अजून." हावरट म्हणायची नाही. हळूहळू मला घरात पाहुणी आल्यासारखं वाटायला लागलं, आणि ती पाहुणी मी होते.

शेवटी एका दुपारी मी तिचा चांगला टॉवेल घेतला, तो मामाने दिलेला, गुलाबी. जमिनीवर टाकला आणि ओल्या पायांनी त्याच्यावर उभी राहिले.

मोहिनीने पाहिलं. गिळलं. "असू दे."

"असू दे काय? भांड ना!"

"कायले भांडू?"

"तुझा टॉवेल आहे, मोहिनी! पाय पुसून राह्यली मी!"

आणि ती फुटली. "भांडली तं तू म्हणशीन जातीवरून भांडली! बाप्पा, मी तोंड उघडाच्या आधी दहादा विचार करून राह्यली. पप्पा म्हणते जपून बोलजो, काकू म्हणते जपून बोलजो. माह्यी झोप उडाली, मयुरी. तुह्या त्या अलार्मानं नाई, जपून जपून!"

"मग टॉवेलवरून भांड. टॉवेलला जात नसते."

"घाणेरडी हाय तू!" ती ओरडली. "एक नंबरची घाणेरडी! उचल तो! अन् धू! अन् पंखा दोनवर कर, मी काही फ्रीजमध्ये राहाले आली नाई वर्ध्याले!"

किती बरं वाटलं म्हणून सांगू! मीही ओरडले, केसांवरून, बायोलॉजीवरून, सगळं एकदम काढलं. आम्ही दोघी मस्त तापलो होतो, तेवढ्यात खालून काकूंचा आवाज आला.

"काय झालं वं? मोहिनी, तू मयुरीले काही बोलली का? मले तं काही नाई, पण माह्या घरात असं भेदभावाचं चालनार नाई!"

मोहिनीने टॉवेल उचलला आणि पिळला, पाणी नसतानाही.

"हे बाई आपल्याले टॉवेलवरूनही भांडू देनार नाई," ती म्हणाली. "अन् माह्या डब्याचा वास घेऊन राह्यली दर सोमवारी, मटण हाय का म्हणून. मयुरी, दुसरी रूम पाहू का?"

"तुझे पप्पा?"

"इचारलं मी काल. म्हणाले, मले तं काही नाई."

"पण?"

"पणच्या आधी मी फोन कट केला."

आता प्रश्न राहिला माझ्या घरचा. महिना संपत आला होता. रूम सोडली म्हणजे पप्पांच्या अटीप्रमाणे सरळ आर्वी. ती अट मीच मान्य केली होती.

रविवारी आई-पप्पा आले. काकूंनी त्यांच्यासाठी ओसरीवर खुर्च्या टाकल्या, आणि कांताबाईंसाठीही एक. म्हणजे खेळ होता. मोहिनी जिन्यावर उभी होती.

"हे मयुरीचे आईवडील," काकू कांताबाईंना म्हणाल्या. "आई शिक्षिका हाय. पाहा, किती साफसूफ लोक. मी पह्यल्या दिवशीच ओळखलं होतं. पण मले तं काही नाईच."

आईने पदर सारखा केला आणि ओसरीच्या फरशीकडे पाहत राहिली. पप्पांनी हात जोडले.

"तुमची लय मेहरबानी ताई," ते म्हणाले. "तुम्ही पोरीले ठेवून घेतलं."

माझे पप्पा. ज्यांच्या आवाजावर अख्ख्या स्टँडवरच्या गाड्या हलतात. पूर्ण भाडं भरून मेहरबानी म्हणत होते, आणि काकू ती घेत होत्या, मान हलवून, पानसुपारी घ्यावी तशी. त्यांच्या जोडलेल्या हातांकडे पाहिलं आणि मला स्पर्धेतली भाषणं, तयार ठेवलेली वाक्यं, काहीच आठवेना. मी आईच्या आणि पप्पांच्या मधे जाऊन उभी राहिले आणि पप्पांचे हात खाली केले.

"मेहरबानी कायची, पप्पा? भाडं देतो आपण," मी म्हणाले. "आई, तूही ऐक. मी ही रूम सोडून राह्यली. रूममेट नाही सोडत, मोहिनी माझ्यासंगंच येते, तिची बॅग भरून झाली. अन् मी आर्वीले परत येणार नाही, कॉलेज इथंच करणार. तुम्ही दोघं चहा प्या सावकाश, मग आपण चौघं मिळून दुसरी रूम पाहाले निघू."